दार बंद ठेवायचा दिवस

गाड्या भरून झाल्या होत्या. सामानाची पहिली गाडी गुरुजींना घेऊन पुऱ्याच्या कमानीखालून स्टेशनाकडे निघाली होती. दुसरीत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या, मांडीवर देवांचा डबा घेऊन. मी रिकाम्या घरावरून शेवटची नजर फिरवली. पडवीच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीतल्या कोनाड्यात, एक कपबशी दिसली. निळ्या काठाची. काकूंच्या संचातली.

मी ती उचलली आणि गाडीमागे धावले.

"काकू, ही राहिली!"

गाडीवानाने कासरा ओढला. काकूंनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि हसल्या. त्या हसण्यात कपट नव्हतं. हे मी आजही सांगेन.

"अगं, ती तुझीच. ती कुठे नेऊ मी नागपूरला?"

मला कळलं नाही. मी कपबशी तशीच पुढे धरून उभी राहिले. मी संकोचते आहे असं काकूंना वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी मी तेव्हा चांगला संच मोडला होता. विचार गुरुजींना. राहू दे तुला आठवण."

गाडीवान म्हणाला, "बाई, बाजूले व्हा. बैलाले कपबशी समजत नाही." मागे बसलेला हमाल हसला. गाडी हलली.

मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. मी पगार घेणारी मास्तरीण होते. मुलींना भूगोल शिकवत होते. त्या घरात चहा प्यायला लागले तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. मधल्या सगळ्या वर्षांत ती कपबशी संचातून बाजूला काढलेली आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि ते घर मी विकत घेणार होते.

मलकापूरच्या तटाबाहेर, नळगंगेच्या अंगाला हा पुरा आहे. गावाचा तट ठिकठिकाणी ढासळला, पुरा मात्र तसाच उभा राहिला. दगडी कमान. तिच्यावर झिजलेली फारसी अक्षरं, जी पुऱ्यातल्या कुणालाही वाचता येत नसत आणि ज्यांचा सगळ्यांना अभिमान होता. आत सागवानी खांबांची घरं, प्रत्येक घरापुढे दगडी ओटा. संध्याकाळी ओट्यांवर वकील, जमीनदार, पेन्शन घेतलेले कारकून बसत. वऱ्हाडाला मध्यप्रांताशी बांधून इंग्रजाने आपलं कसं वाटोळं केलं, नागपूरवाले आपल्या कापसावर कसे जगतात, असं बोलणं चाले. गावापेक्षा पुरा जुना आहे, हे बोलण्यात एकदा तरी येईच.

आम्ही महार. आमची वस्ती नदीच्या उताराला, पुऱ्याच्या खाली. माझी माय पुऱ्यातला रस्ता आणि अंगणं झाडायची, सरपण टाकायची. गुरुजींचं अंगण त्यांतलंच एक. मला ती सोबत न्यायची. गुरुजी गावातल्या शाळेत शिकवत आणि सकाळी घरी आपल्या मुलीला, शांताला, पडवीत घेऊन बसत. एक दिवस त्यांनी मला अंगणातून पडवीत बोलावलं. शांताच्या शेजारी नाही, पण तिच्याच ओळीत, थोडं अंतर सोडून. पाटी दिली. पुऱ्यात लोक बोलले. गुरुजींनी ऐकून घेतलं, मला उठवलं नाही. पुढे अमरावतीला शिक्षिका तयार करणाऱ्या शाळेत मला पाठवणारे तेच. पहिली नोकरी धाड गावी लागली, मग बदली होऊन मी मलकापूरला आले. यातलं काहीही मी विसरलेले नाही. पुढचं सांगताना हेही सांगणं भाग आहे.

शिवाशिव मला माहीत नव्हती असं नाही. कोणत्या दुकानात पैसे फळीवर ठेवायचे, कोणत्या पाणवठ्यापासून किती लांब थांबायचं, हे आमच्या मुलांना बोलायला लागण्याआधी कळतं. गुरुजींच्या स्वयंपाकघरातही मी कधी गेले नव्हते. पण काकूंचं सोवळं कडक होतं, ते स्वयंपाकघर शांताच्या मैत्रिणींनाही मोकळं नव्हतं. मला जे मोजायचं होतं ते मी वेगळं मोजलं होतं. इतर घरी आम्हाला चहा मिळालाच तर फुटक्या कानाच्या कपात किंवा करवंटीत मिळे, आणि तो आम्ही धुवून पालथा घालायचा असे. इथे कप निळ्या काठाचा होता, शांताच्या कपासारखाच. आणि तो मला धुवावा लागत नसे. चहा झाला की शांता तिचा कप पायरीवर ठेवी, मी माझा ठेवी, आणि मी घरी जाई. या दोन गोष्टींवर मी माझं सगळं आयुष्य उभं केलं होतं. जगात निदान एक घर आहे जिथे मी उष्टा कप ठेवून उठू शकते.

घर घ्यायला पैसे होते. ते माझ्या नवऱ्याचे होते. तो पलटणीत भरती झाला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला, परत आला नाही. सरकारने रक्कम दिली. मी ती हात न लावता ठेवली होती. तो गेल्याची खबर इतक्या उशिरा आली की नेमका कधी गेला तेही कळलं नाही. वस्तीतल्या जाणत्या माणसांनी सांगितलं, आता सुतक धरता येत नाही, डोक्यावरून पाणी घे, संपलं. मी डोक्यावरून पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

तेव्हापासून मी आणि माय स्टेशनाकडे, मालगुदामामागे, भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोलीला खिडकी नव्हती. गुरुजींचा मुलगा नागपूरला वकील झाला, त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं, आणि गुरुजी एक दिवस शाळेत मला भेटायला आले. म्हणाले, "घर विकतो आहे. परक्याला देण्यापेक्षा तुला दिलं तर मला बरं वाटेल." मला तिथल्या तिथे रडू आलं होतं. ठरलं असं की सामान आधी हलवायचं, काकूंना नागपूरला पोचवून गुरुजी परत यायचे, आणि मग रजिस्ट्री करायची. किल्ली त्यांनी माझ्याजवळ दिली. "तोवर घर नीट पाहून घे," म्हणाले. "मन पक्कं कर."

काकू गेल्या त्या दुपारी मी कपबशी हातात घेऊन घरात परत आले. माय मागच्या अंगणात झाडत होती. आपण विकत घेणार असलेल्या घराचं अंगण ती जुन्याच सवयीने झाडत होती, कडेकडेने, पायरीला पदर लागणार नाही अशी.

मी कपबशी तिच्यापुढे धरली. "माय, हे कोनाची?"

तिने खराटा थांबवला नाही. "तुही."

"तुले ठाऊक होतं?"

"मले काऊन ठाऊक नसन? मीच तं धूत होती."

मग ती खाली बसली आणि तिने सांगितलं. एखाद्या घरात सरपण कुठे ठेवतात हे सांगावं तसं सांगितलं. पहिल्या दिवशीच काकूंनी तिला बाजूला बोलावून म्हटलं होतं, पोरीला चहा देत जाईन, पण कप तिने धुवून कोनाड्यात ठेवायचा, तेवढं तिला सांग. माय हो म्हणाली. मला मात्र सांगितलं नाही. मी कप पायरीवर ठेवून जाई. शांताचा काकू आत नेत. माझा तिथेच राही. माय झाडायला आली की न्हाणीबाहेरच्या डब्यातलं पाणी घेऊन तो धुई आणि कोनाड्यात पालथा ठेवी. दुसऱ्या दिवशी काकू वरून चहा ओतत.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू शिकून राह्यली होती. म्या म्हनलं, पोरीच्या डोक्यात हे काऊन घाला? एक कप धुवाले मले काय हत्ती लागते?"

"अन् मी मोठी झाली तवा? नोकरी लागली तवा?"

"तवाबी येतच होती ना मी सकाळी."

मला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. नोकरी लागल्यावर मी मायला पुऱ्यातलं काम सोडायला लावलं होतं. तिने सगळी अंगणं सोडली, हे एक सोडलं नाही. उन्हातान्हात स्टेशनापासून चालत यायची. मी रागवायचे. ती म्हणायची, गुरुजीचे उपकार हायेत. मी ते खरं धरलं होतं. ती उपकारासाठी जात नव्हती. मी आदल्या संध्याकाळी गुरुजींना भेटून, चहा पिऊन, कप पायरीवर ठेवून आलेली असायचे. ती तो धुवायला जायची.

मी कपबशी फोडावी असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मायने ती माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली. "चांगली हाय. फेकाची काऊन?" म्हणाली, आणि घरी घेऊन आली. पुढे ती त्याच कपात चहा प्यायची.

त्यानंतरचे काही दिवस मी शाळा सुटली की त्या घरी जाऊन बसत असे. घर घ्यावं की न घ्यावं, हे मला नव्याने ठरवायचं होतं. जे कारण होतं ते गाडीवर बसून नागपूरला गेलं होतं.

मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले. साधं होतं. काळी भिंत, मातीची चूल, वर उजेडासाठी कौलात काच बसवलेली. चुलीजवळच्या कोपऱ्यात काकूंनी मूठभर ज्वारी ठेवली होती. घर अगदी रिकामं सोडू नये म्हणून ठेवतात. ही रीत आमच्यातही आहे. मी त्या ज्वारीकडे बराच वेळ बघत बसले. ती माझ्यासाठी ठेवली होती की घरासाठी, हे ठरवता येईना.

मी स्वतःला समजावलं. घर दगडाचं आणि लाकडाचं आहे. काकूंना वगळून विचार कर. शाळा जवळ आहे. मागच्या खोलीत नदीवरचा वारा येतो. मायला दम लागतो, तिला उन्हात चालवत नाही, तिला बसायला ओटा होईल. पैसे नवऱ्याच्या जिवाचे आहेत, ते कुणाच्या मायेत न घालता भिंतीत घालावेत हे बरं. असं दोन-तीनदा घोकून झाल्यावर मन स्थिर झालं. मी मायला सांगितलं, घर घ्यायचं. माय म्हणाली, "घे. मले ते कौलातली काच आवडली."

तिला कधी काही आवडलं असं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी समोरचे अप्पासाहेब आले. मोताळ्याकडे त्यांची मोठी शेती. घरापुढे आले, ओट्यावर चढले नाहीत, खालीच काठी टेकून उभे राहिले. मी दारात उभी होते.

"काय मास्तरीणबाई, पसंत पडलं काय घर?"

"पडलं."

"पडनारच. असं सागवान आता भेटत नाही. फक्त माकडांचा लई तरास हाय बरं. कौलं फोडतात. आता तुमच्या छडीले भ्याले तं भ्याले." ते स्वतःच हसले. मीही थोडं हसले. शेजारी असं बोलतात, एवढं मला माहीत होतं आणि ते हवं होतं.

मग ते म्हणाले, "आमचं काही म्हननं नाही. जमाना बदलून राह्यला. अन् गुरुजींनी शब्द देल्ला, विषय संपला."

"कसला शब्द?"

त्यांना खरंच नवल वाटलं. "काऊन, गुरुजी बोलले नाहीत? अहो, पालखीचा."

चैत्रात पुऱ्यातल्या देवळाची पालखी निघते. त्या दिवशी प्रत्येक घराचं दार उघडं असतं, ओट्यावर रांगोळी, दिवा. पालखी घरापुढे थांबते, घरची बाई ओवाळते, पालखी पुढे सरकते. ज्या घरात सुतक असेल ते घर दार लावून घेतं. त्या घरापुढे टाळ थांबवतात आणि पालखी न थांबता जाते. लहानपणी आम्ही नदीच्या उतारावरून हे बघायचो. टाळ थांबले की आम्हाला कळे, पुऱ्यात कुणीतरी गेलं आहे.

अप्पासाहेब म्हणाले, "तुमचं दार त्या दिवशी बंद असन, असा शब्द हाय. सुतकाच्या घरासारखं. वर्सातून एक दिवस. कोनाले काही बोलनं नाही, कोनाचा अपमान नाही. बाकी तुमचं घर, तुम्ही मालकीन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"नाही काऊन म्हनसान?" ते प्रेमानेच म्हणाले. "शिकल्यासवरल्या तुम्ही."

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं. लावल्यावर लक्षात आलं आणि पुन्हा उघडलं.

गुरुजी नागपूरहून आले ते सरळ घरी आले. माय माझ्यासोबत होती. ती पायरीवर बसली. गुरुजींना बसायला घरात काही उरलं नव्हतं, ते जमिनीवरच बसले, मी समोर बसले. त्या घरात आम्ही समोरासमोर एका जमिनीवर बसलो ती पहिली वेळ. थकलेले दिसत होते. काकूंना तिथली हवा मानवत नाही म्हणाले.

मी विचारलं, "गुरुजी, माझ्या वतीने तुम्ही पालखीचा शब्द दिलात?"

"दिला," ते म्हणाले.

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "तुला कल्पना नाही, बाळ, मी इथे कुणाकुणाच्या ओट्यावर जाऊन बसलो. काय काय ऐकून घेतलं. तुला या पुऱ्यात घर मिळावं म्हणून. लोक ऐकायला तयार नव्हते. शेवटी एका दिवसावर आले. वर्षभरातून एका दिवसावर! मला तर वाटलं, आपण जिंकलो."

"दार बंद करणार कोण? तुम्ही की मी?"

"असं नको बोलू."

"गुरुजी, कोनाड्यातली कपबशी तुम्हाला माहीत होती?"

त्यांनी मान खाली घातली. "घरात हिचं चालतं," म्हणाले. "मी एवढं करू शकलो. तेवढं नाही करू शकलो."

हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मला ते खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी आवाज उतरवला. "एक सांगू? नुसतं हो म्हण. अप्पासाहेबांसमोर एकदा हो म्हण, रजिस्ट्री होऊन जाऊ दे. पुढे चैत्रात दार उघडं ठेवलंस तर कोण येऊन लावणार आहे? घर तुझं झालेलं असेल. मी नागपूरला असेन."

पायरीवरून माय म्हणाली, "म्हन ना हो. बोलाले काय जाते? आपून जनमभर हो म्हनत आलो, अन् मंग आपल्या मनाचं करत आलो."

माय खरं बोलत होती. आमची सगळी वस्ती त्या होकारावर जगली आहे. हो मालक, हो काकू, हो साहेब. आणि मग पाठ वळली की आपल्याला जमेल तसं. मायनेही काकूंना हो म्हटलं होतं, आणि मग आपल्या मनाने केलं होतं. त्या होकाराची किंमत मला याच घराच्या अंगणात नुकतीच कळली होती. मी शाळेत नकाशे काढायला शिकवत होते आणि माझी म्हातारी माय स्टेशनापासून चालत येऊन कप विसळत होती.

घर पाहिजे होतं. कौलातल्या काचेतून उन्हाचा तुकडा आमच्या मधल्या जमिनीवर पडला होता. एका शब्दाचं अंतर होतं. मी तो शब्द मनात उच्चारून पाहिला. तो सोपा होता. म्हणूनच मला त्याची भीती वाटली. एकदा खोटा हो देऊन त्या दारातून आत गेले असते तर मी त्या घरात राहिले असते ती फसवून शिरलेली बाई म्हणून. दार उघडं ठेवलं असतं तरी लोक म्हणाले असते, शब्द मोडला. त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मी म्हटलं, "गुरुजी, माझा नवरा गेला तेव्हा मला त्याचं सुतक धरू दिलं नाही. उशीर झाला म्हणाले. डोक्यावरून पाणी घेतलं आणि संपवलं. त्याच्या नावाने मी एक दिवससुद्धा दार लावून बसले नाही. त्याच्या जिवाचे पैसे तुम्हाला देऊन मी हे दार घेणार. आणि ते दरवर्षी लावून घेणार, जित्या माणसांचं सुतक म्हणून?"

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं.

"दिलेला शब्द मला मोडता येणार नाही," ते म्हणाले.

"तुम्ही मोडू नका. तो तुमचा आहे. माझा नाही."

किल्ली मी जमिनीवर ठेवली नाही. त्यांच्या हातात दिली. मग मायला उठवलं आणि आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो. समोरच्या ओट्यावर अप्पासाहेब होते. म्हणाले, "झालं काय ठरून?" मी म्हटलं, "झालं." ते हसून मान हलवत राहिले.

माय माझ्याशी कित्येक दिवस धड बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "एका 'हो'साठी घर घालवलं तुनं." घर खामगावच्या एका कापूस दलालाने घेतलं. त्याने कौलं काढून पत्रे टाकले, असं ऐकलं. काचेचं काय झालं माहीत नाही.

माय मालगुदामामागच्या त्याच खोलीत वारली. शेवटी तिला श्वास पुरत नव्हता. मी तिला दारापाशी आणून बसवायचे. समोर रुई भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी उभ्या असत, वारा येत नसे. तिला नदीवरचा वारा मिळाला असता. ओटा मिळाला असता. ते माझ्या नकारामुळे मिळालं नाही. हे मी गुरुजींवर टाकत नाही, अप्पासाहेबांवरही टाकत नाही. मी नाही म्हटलं आणि त्याचा भार मायने उचलला, पुन्हा एकदा, माझ्यासाठी. तिचं सुतक मी पूर्ण पाळलं. शाळेत रजा मागताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, इतके दिवस? मी म्हटलं, हो, इतके दिवस.

लोक मला सांगतात, तू पुऱ्याचा नाद सोड. आता नवीन वस्त्या होताहेत, रेल्वेच्या पलीकडे मोकळ्या जागा आहेत, आपल्या माणसांत घर बांध. काही जण हे जिव्हाळ्याने सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. पण पुऱ्याचा रस्ता माझ्या मायने झाडला आहे, कमानीपासून देवळापर्यंत. तिथल्या घरांत लोक राहू शकले ते आमच्या माणसांनी सरपण टाकलं म्हणून. मला तो पुरा जुना आहे म्हणून हवा आहे असं नाही, आणि मला तिथे कुणाची माया नको. मायेचं मी पाहिलं.

मागच्या महिन्यात पुऱ्यातलं आणखी एक घर विकायला निघालं. पेन्शन घेतलेल्या कारकुनाचं. मी सकाळी शाळेआधी गेले. एकटी गेले. ओट्याच्या पायऱ्या चढले आणि कडी वाजवली. ते बाहेर आले. मी त्यांना नाव सांगितलं, जात सांगितली, नोकरी सांगितली. म्हटलं, घर मला घ्यायचं आहे. पैसे रोख आहेत. मधे कुणी माणूस नाही, माझ्या वतीने कुणी काही बोलणार नाही, बोलला तर तो माझा शब्द नव्हे. आणि एक आधीच सांगते, माझं दार वर्षभर उघडं राहील.

त्यांनी आत पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "विचार करून सांगतो," म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. आठवडाभराने मी पुन्हा गेले. तेव्हा म्हणाले, घर विकायचा विचार सोडला. मी म्हटलं, ठीक आहे, पुन्हा विचार कराल तेव्हा मी येईन.

पुऱ्यात म्हातारी माणसं पुष्कळ आहेत, मुलं नागपूरला, मुंबईला. घरं विकायला निघत राहतील. प्रत्येक घरी मी जाणार आहे, दिवसाउजेडी, पुढच्या दाराने, हेच शब्द घेऊन. जो विकेल त्याचं घेईन. चैत्रात दार उघडं टाकून मी उंबऱ्यात उभी राहीन. थांबायचं की पुढे जायचं, ते पालखी उचलणाऱ्यांनी ठरवावं. मी आत जाणार नाही.